दाखला माणसाकडे का येत नाही?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या वाडीत मतपेटी चालत आली. गाडीरस्ता संपतो तिथे जीप थांबली. तिथून खाली जांभ्या दगडाची शंभरेक पायऱ्यांची पाखाडी आहे. ती उतरून दोन कर्मचारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा एक मुलगा माझ्या चुलतभावाच्या पडवीत येऊन पोचले. मत कुणाला दिसू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दादाने मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं. निवडणूक आयोगाने त्या वेळी 85 वर्षांवरच्या मतदारांना आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करण्याची सोय दिली होती. त्यासाठीचा अर्जसुद्धा आधी घरी आणून दिला होता. माणसं घामाघूम झाली होती, पण एका मतासाठी आली. मला त्या दिवशी शासनाचा खरोखर अभिमान वाटला.

आणि त्याच संध्याकाळपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या आधारावर ही पेटी घरी आली, ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मात्र दादाला त्याच पाखाडीवरून तीनदा वर न्यावं लागलं होतं. असं का?

दादा पाडेली होता. पंचक्रोशीतल्या माडांचे नारळ तो पाडायचा. एका डिसेंबरात झाप (झावळी) हातात आली आणि तो खाली आला. पाठीचा कणा दुखावला, कमरेखालची संवेदना गेली. ज्याने कोकण पाहिलं आहे त्याला सांगायला नको की अशी माणसं इथे दर दोन-चार गावांआड असतात. कुणी माडावरून, कुणी आंब्यावरून, कुणी पोफळीवरून पडलेला. इस्पितळातून घरी आल्यावर दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणालं की प्रमाणपत्र काढा, पेन्शन मिळेल. अर्ज ऑनलाइन भरला, पण तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच जाणं भाग होतं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले, चार जणांनी खांदा दिला, वर रस्त्यावर भाड्याची गाडी, मग खाडी ओलांडायला फेरीबोट, मग पुन्हा रस्ता. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या खेपेला जुने एक्स-रे पुरेसे नव्हते, नवीन काढायचे होते आणि ते यंत्र बंद होतं. तिसऱ्या खेपेला काम झालं. रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी दादाला आपुलकीचीच वागणूक दिली होती, आणि हा एका रुग्णालयाचा दोष नाहीच. तीन खेपांचं गाडीभाडं आणि खांदेकऱ्यांचा बुडालेला रोज मिळून जो खर्च झाला, तो वहिनीने गळ्यातलं मोडून भागवला.

माझं म्हणणं सरळ आहे. दिव्यांगत्व सिद्ध करण्याचं ओझं आज दिव्यांग माणसावर आहे. ते शासनाने स्वतःच्या डोक्यावर घेतलं पाहिजे. तपासणारा माणसाकडे जाईल, आणि माणूस तपासणाऱ्याकडे फक्त तेव्हाच जाईल जेव्हा यंत्राशिवाय निदान होणं शक्य नाही.

कायद्याकडे पाहिलं तर तो उदार आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने ते एकवीस केले. 40 टक्क्यांची मर्यादा गाठली की आरक्षणापासून एसटीच्या 75 टक्के सवलतीपर्यंत बऱ्याच गोष्टी खुल्या होतात. महाराष्ट्राने तर डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच काढला. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण या सगळ्याच्या दाराला एकच कुलूप आहे, ते म्हणजे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. आणि किल्ली जिल्ह्याच्या गावी ठेवलेली आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला मंडणगड, दक्षिणेला राजापूर, मध्ये खाड्यांनी कापलेली जमीन. मंडणगडहून रत्नागिरीला रस्त्याने जायचं तर दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. वर सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची घरं, खाली खलाटीतली घरं, आणि या दोन्हींना जोडणारी पाखाडी. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही हात टेकून उतरतो. चाकाची खुर्ची इथे अंगणाबाहेर जात नाही. राज्याच्या पातळीवर 'जिल्हा रुग्णालयात तपासणीची सोय उपलब्ध' असं एक वाक्य लिहिलं की काम झालं असं वाटतं. विदर्भातल्या सपाट तालुक्यात त्या वाक्याचा अर्थ वेगळा होतो आणि इथे वेगळा.

आणखी एक गोष्ट इथली. खुर्ची उचलायला चार माणसं लागतात, आणि वाडीत आता चार तरणी माणसं सापडत नाहीत. मुलगे मुंबईला, पुण्याला. घरात म्हातारी आणि दिव्यांग. चाकरमानी येतात गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. मी अशी तीन-चार घरं ओळखतो जिथे तपासणीची तारीख डॉक्टर कधी आहेत यावर ठरत नाही, मुंबईकर कधी येणार यावर ठरते. शिबिर जुलैत लागलं तर ते त्यांच्यासाठी लागलंच नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत, ते वाडीवाडीत कसे फिरणार? रास्त मुद्दा आहे. श्रवणदोषासाठी बेरा चाचणी लागते, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी मानसशास्त्रज्ञाने घेतलेली चाचणी लागते, आणि ते सगळं पडवीत बसून होत नाही. पण दादाचे पाय हलत नाहीत हे बघायला कुठलं यंत्र लागतं? 2017 च्या केंद्रीय नियमांतच प्रमाणपत्राचा एक वेगळा नमुना आहे. अवयव तोडलेला असणं, अवयव कायमचा पूर्ण लुळा पडणं, बुटकेपणा आणि अंधत्व यांच्यासाठी तो आहे. म्हणजे उघड दिसणारं दिव्यांगत्व आणि चाचण्यांनी ठरणारं दिव्यांगत्व यात फरक आहे हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मग उघड दिसणाऱ्यांसाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला अधिकार देऊन, महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी त्याने घरी जाऊन तपासावं, एवढं करायला काय हरकत आहे? प्रमाणपत्र देणारा अधिकारी कोण हे ठरवण्याचा अधिकार कायद्याच्या 57व्या कलमाने राज्य सरकारकडेच आहे. दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही. उघड प्रकरणं अशी घरीच निघाली की जिल्ह्यातल्या तज्ज्ञाकडची रांगही कमी होईल, आणि ज्यांना खरंच त्याच्याकडे जावं लागतं त्यांना लवकर तारीख मिळेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथल्या विभागांनी ठरावीक दिवशी तालुक्याला यावं, अशी मागणी मी अवास्तव मानत नाही.

उलट दिशा मात्र वेगळीच दिसते. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले तेव्हा प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. कार्डाला टक्क्यांप्रमाणे पांढरा, पिवळा, निळा असे रंगही दिले. रंग ओळखायला सोपे पडतील, मान्य. पण मुदत वाढवून कुणाची सोय झाली?

प्रमाणपत्र हातात आलं की अर्धी लढाई झाली असं आम्हाला वाटलं होतं. खरी तर तिथून सुरू होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे, आणि राज्यातल्या गरीब दिव्यांगांचा मुख्य आधार तीच आहे. अर्ज तहसील कार्यालयात, मंजुरी तालुक्याच्या समितीकडे. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. घरातल्या एका बाईने बागेत मजुरीला जाऊन दिवसाला पाचशे रुपये आणले, तर शंभर दिवसांत ही मर्यादा भरते. वर्षाचे उरलेले दोनशे पासष्ट दिवस तिने काय करायचं? नवरा अंथरुणाला खिळलेला असताना ती कामाला जाते हा तिचा पराक्रम आहे. योजनेच्या कागदावर तो तिचा गुन्हा ठरतो. मग काय होतं, तर सगळेच जण उत्पन्न कमी लिहितात. तलाठ्यालाही ठाऊक असतं, अर्जदारालाही ठाऊक असतं. प्रामाणिक माणसाला खोटं लिहायला लावणारी मर्यादा ही मर्यादाच चुकीची आहे, आणि पुढे कुणी तक्रार केली की त्याच खोट्यावरून अनुदान बंद होतं.

त्यात कोकणाचा सातबारा. बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्या दादाच्या घराच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. आजोबांच्या वेळेपासून वाटणी झालेली नाही. निम्मी नावं मयत, उरलेली कांदिवलीत, नालासोपाऱ्यात. कागदावर दादाच्या नावाने आंब्याची कलमं आहेत, प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला मागची चार फणसाची झाडं. उत्पन्नाचा दाखला काढताना 'तुमच्या नावावर बाग दिसते' हे वाक्य त्याला ऐकावं लागलं. ज्या बागेचा एक आंबा त्याच्या घरात येत नाही, तिने त्याला श्रीमंत करून टाकलं. सामायिक सातबारा हा रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचा घरोघरीचा प्रश्न आहे. दिव्यांगाच्या अर्जात तो आडवा येऊ नये, त्याच्या प्रत्यक्ष ताब्यातली जमीन तेवढीच धरावी, असा साधा आदेश काढता येतो.

आणि मुळात कुटुंबाचं उत्पन्न का? दिव्यांग माणूस प्रौढ असतो. त्याच्या भावाने कमावलं म्हणून त्याच्या हातात पैसे येत नाहीत. औषधाला, मलमाला, कॅथेटरला दर वेळी भावजयीपुढे हात पसरणारा माणूस निराधारच असतो, घर कितीही भरलेलं असो. दादा मला एकदा म्हणाला, "पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण ते माझे असू देत." पेन्शनचा खरा अर्थ या वाक्यात आहे असं मला वाटतं.

आता दुसरं उदाहरण घ्या. 2024 च्या पावसाळ्यात राज्याने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. महिना दीड हजार, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. अंगणवाडी सेविकांनी वाडीवाडीत बसून अर्ज भरले. ज्या बायकांनी कधी तहसीलची पायरी चढली नव्हती त्यांचे अर्ज फोनवर भरले गेले, आणि काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बहिणींच्या खात्यात पैसे पोचले. त्या पैशाने आमच्या वाडीत काय झालं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे त्या योजनेला माझा विरोध अजिबात नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. शासनाने ठरवलं तर दाखला बाजूला ठेवता येतो, मर्यादा अडीच लाख करता येते आणि अर्ज पाखाडी उतरून खाली येतो, हे त्या योजनेने सिद्ध केलं. मग ज्याला पाखाडी चढताच येत नाही त्याच्यासाठी मर्यादा 50 हजारांवर का अडली आहे? 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले होते. दोन कोटी अर्ज ज्या यंत्रणेने हाताळले तिला हा आकडा झेपणार नाही, असं कुणी म्हणू नये.

रकमेबद्दल थोडंच सांगतो. जुलै 2023 पासून निराधार वृद्धांनाही दीड हजार आणि दिव्यांगांनाही दीड हजार असं चाललं होतं. 2016 च्या कायद्याचं 24वं कलम सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त रक्कम द्यावी. कायदा झाल्यानंतर इतकी वर्षं हे कलम नुसतं छापील राहिलं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांची रक्कम अडीच हजार झाली, त्यासाठी ज्यांनी उपोषणं केली, रस्त्यावर उतरले, त्यांचे आभार मानले पाहिजेत. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र अजून महिना 300 रुपये आहे, आणि तोही 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. चार लाख उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीत ते वीस हजार होतात, आणि गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी वर्षाला हजार. यावर विसंबून काही उभं राहत नाही.

दर वेळी या विषयावर बोललं की कुणीतरी बोगस प्रमाणपत्रांचा मुद्दा काढतो. 2024 मध्ये प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हापासून तर जास्तच. बोगसगिरी आहे, आणि तिचा सगळ्यात जास्त राग दिव्यांगांनाच आहे, कारण जागा त्यांची जाते. कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, ती लावा. पण ती प्रमाणपत्रं कोण काढतं याचा विचार करा. नोकरीसाठी, बदलीसाठी, प्रवेशासाठी ओळखीपाळखीने काढणारी ती माणसं असतात. त्यांच्याकडे गाडी असते, रांगेत उभा राहणारा माणूस असतो. त्यांना अडवण्यासाठी म्हणून आणखी एक खेप, आणखी एक कागद वाढवला की तो त्यांना अडवत नाही. अडतो तो खुर्चीला बांबू बांधून आणलेला माणूस. उलट घरी जाऊन तपासलं तर बोगस लगेच उघडा पडतो. शेजारणीला विचारलं तरी कळतं की हा माणूस काल क्रिकेट खेळत होता. गावात हे लपत नाही.

पेन्शन सुरू झाल्यावरही दरवर्षीचं काही सुटत नाही. हयातीचा दाखला, आधार जोडणी, ई-केवायसी. दादाच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. वीस वर्षं माडाच्या खरबरीत बुंध्याला मिठी मारून चढलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतील कुठून? काजूच्या कारखान्यात बी सोलणाऱ्या बायकांचंही हेच, चिकाने बोटं जळालेली असतात. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅसिडहल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ई-केवायसी सगळ्यांना जमेल अशी करायला सांगितलं. आमच्या इथे अजून तोच ठसा, तोच लाल दिवा. पोस्टमन किंवा बँकेचा प्रतिनिधी घरी येऊन दिव्यांग जिवंत आहे एवढं डोळ्यांनी पाहून सही करू शकत नाही का?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि निराधारचा अर्ज या दोन्ही सेवा त्या कायद्यात मुदतीसह कडक बसवाव्यात, आणि एक कलम वाढवावं. शासनाच्या कारणाने, म्हणजे डॉक्टर नाही, यंत्र बंद, समितीची बैठक झाली नाही अशा कारणाने, दिव्यांगाला परत जावं लागलं तर त्या खेपेचं गाडीभाडं आणि सोबतच्यांचा रोज शासनाने द्यावा. मला खात्री आहे की एकदा खेपेची किंमत सरकारी तिजोरीतून जायला लागली की खेपा आपोआप कमी होतील.

आमच्या वाडीत वरच्या अंगाला नऊ वर्षांची एक मुलगी आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, मान धरते पण बसता येत नाही. लहान म्हणून तिला मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ती मुदत येत्या जूनमध्ये संपते. तिच्या आईने मला कॅलेंडर दाखवलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यावर पेन्सिलीने गोल केला आहे. तेव्हा तिचे दोन दीर आणि शेजारचा एक मुलगा मुंबईहून आलेले असतील. चौथा माणूस कोण, ते अजून ठरायचं आहे.